बंदूक लवकर खराब होत नाही, मग बंदुकीचा कारखाना चालतो कसा? सॅम्युअल कोल्टची गोष्ट

मोबाईल चार वर्षांत बदलावा लागतो, चप्पल वर्षभरात झिजते. पण नीट ठेवलेलं रिव्हॉल्व्हर आजोबांनी घेतलं तरी नातवाच्या हातात चालतं. म्हणजे एकदा विकलं की तेच गिऱ्हाईक परत येईल याची खात्री नाही. मग हा धंदा टिकतो कसा?

याचं उत्तर ज्याने सगळ्यात आधी शोधलं, त्यातला एक म्हणजे सॅम्युअल कोल्ट.

कलकत्त्याच्या वाटेवर

कोल्टचा जन्म १९ जुलै १८१४ चा, अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात हार्टफर्डचा. आई लहानपणीच गेली. शाळेत मन रमेना, म्हणून १८३० मध्ये त्याला कलकत्त्याला निघालेल्या कॉर्वो नावाच्या जहाजावर धाडलं. जहाजाचं चाक फिरताना बघून त्याला कल्पना सुचली, असं सांगतात. या प्रवासात त्याने फिरणाऱ्या सिलेंडरच्या पिस्तुलाचा लाकडी नमुना कोरला.

फिरत्या सिलेंडरची बंदूक त्याच्याआधीही होती. कोल्टने सोय अशी केली की घोडा मागे ओढला की सिलेंडर आपोआप फिरून पुढची गोळी नळीसमोर येऊन अडकते.

नमुना होता, पैसा नव्हता. मग हा पठ्ठ्या गावोगाव लाफिंग गॅसचे खेळ करत फिरला. आडनाव थोडं बदलून स्वतःला न्यूयॉर्क, लंडन आणि कलकत्त्याचा डॉक्टर म्हणवून घ्यायचा. गर्दी कशी जमवायची आणि लोकांच्या खिशातून पैसे कसे काढायचे, हे तो इथे शिकला.

पहिला कारखाना बुडाला

२५ फेब्रुवारी १८३६ ला अमेरिकेचं पेटंट मिळालं. न्यू जर्सीतल्या पॅटरसनमध्ये कारखाना उभा राहिला. पण रिव्हॉल्व्हर महाग होतं, नाजूक होतं आणि सैन्याला ते पसंत पडलं नाही. टेक्सासच्या नौदलाने थोडा माल घेतला, पण तेवढ्यावर कारखाना कसा चालणार? १८४२ मध्ये तो बंद पडला.

सरकार हे या धंद्यातलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, पण भरवशाचं नाही. युद्ध असेल तर हजारोंची ऑर्डर, नसेल तर शून्य.

तेच पुन्हा दिसलं, फक्त यावेळी उलट बाजूने. विकलेली काही पिस्तुलं टेक्सास रेंजर्सच्या हाती गेली होती आणि कोमांची आदिवासींविरुद्ध त्यांनी ती वापरली होती. मेक्सिकोशी युद्ध पेटल्यावर त्यांच्यातलाच कॅप्टन सॅम्युअल वॉकर कोल्टकडे आला. जानेवारी १८४७ मध्ये १,००० रिव्हॉल्व्हरची ऑर्डर मिळाली, एका नगाला सुमारे २५ डॉलर. कोल्टकडे तेव्हा स्वतःचा कारखानाही नव्हता. एली व्हिटनी ज्युनियरच्या कारखान्यात त्याने माल बनवून घेतला.

युद्ध संपलं, आता विकायचं कोणाला?

१८४८ मध्ये युद्ध संपलं. पॅटरसनची चूक कोल्टने पुन्हा केली नाही. आता त्याने सामान्य माणसाकडे मोर्चा वळवला.

कॅलिफोर्नियात सोनं सापडलं होतं, हजारो लोक पश्चिमेकडे निघाले होते. अनोळखी मुलूख, सोबत पैसा आणि मनात भीती. त्यांच्यासाठी त्याने खिशात मावणारं छोटं रिव्हॉल्व्हर काढलं. १८४९ चं पॉकेट मॉडेल म्हणून ते ओळखलं जातं. पुढच्या पंचवीसेक वर्षांत ते तीन लाखांहून जास्त बनलं. त्या काळातल्या कोल्टच्या रिव्हॉल्व्हरमध्ये सगळ्यात जास्त खपलेलं हे मॉडेल सैन्यासाठी नव्हतंच.

जाहिरातीतही तो काळाच्या पुढे होता. जॉर्ज कॅटलिन या नावाजलेल्या चित्रकाराकडून त्याने आपल्या बंदुका दाखवणारी चित्रं काढून घेतली. राजे-महाराजांना नक्षीदार पिस्तुलं भेट दिली. १८५१ च्या लंडनच्या जागतिक प्रदर्शनात मोठा स्टॉल मांडला आणि नंतर लंडनमध्ये कारखानाही काढला. हार्टफर्डला नदीकाठी १८५५ मध्ये भव्य कारखाना उभा राहिला. एलिशा रूट या हुशार तंत्रज्ञाने तिथे बहुतेक सुटे भाग यंत्रांवर बनवायची व्यवस्था लावली. माल जास्त निघाला, तसा तो खपवायचा दबावही वाढला.

नफा सांभाळायचा तर संसद सांभाळा

पेटंट म्हणजे मक्तेदारी. ती वाढवून मिळावी म्हणून कोल्टने वॉशिंग्टनमध्ये जोर लावला. त्याच्या माणसांनी लोकप्रतिनिधींना पिस्तुलं भेट दिल्याचं प्रकरण इतकं गाजलं की १८५४ मध्ये चौकशी समिती बसली. मुदतवाढ मिळाली नाही. १८५७ मध्ये पेटंट संपलं आणि त्याच वर्षी स्मिथ अँड वेसनचं रिव्हॉल्व्हर बाजारात आलं.

मग यादवी युद्धाचे ढग जमले. कोल्ट उत्तरेचा, पण एप्रिल १८६१ मध्ये तोफा धडाडेपर्यंत त्याचा माल दक्षिणेकडेही जात होता. वर्तमानपत्रांनी त्याला देशद्रोही ठरवलं. १० जानेवारी १८६२ ला वयाच्या अवघ्या ४७ व्या वर्षी तो गेला. तोवर त्याच्या कंपनीने चार लाखांहून जास्त बंदुका बनवल्या होत्या. त्याची मालमत्ता दीड कोटी डॉलरची असल्याचा अंदाज होता. पुढे पत्नी एलिझाबेथने कंपनी १९०१ पर्यंत सांभाळली.

मग सुरक्षेचं काय?

लपवून बाळगलेल्या शस्त्रांची चिंता अमेरिकेला कोल्टच्या आधीपासून होती. त्याच्या जन्माच्या आदल्याच वर्षी, १८१३ मध्ये, केंटकी आणि लुईझियाना या राज्यांनी अशा शस्त्रांवर बंदी घातली होती. कायदा ज्या वस्तूला घाबरत होता, तीच कोल्टने स्वस्त, टिकाऊ आणि खिशात मावणारी करून लाखांनी विकली.

या धंद्याचा दुसरा धडा त्याच्याच कंपनीने पुढे गिरवला. विसाव्या शतकात तिची भिस्त सैन्याच्या एम-१६ रायफलवर होती. १९८८ मध्ये ते कंत्राट हातून गेलं आणि १९९२ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. २०१५ मध्ये पुन्हा तेच. २०२१ मध्ये ती झेक कंपनीने विकत घेतली.

म्हणून हा उद्योग घरगुती गिऱ्हाइकाला सोडू शकत नाही. ज्याच्याकडे एक बंदूक आहे त्याला दुसरी हवीशी वाटली पाहिजे आणि त्यासाठी भीती कायम राहिली पाहिजे. स्मॉल आर्म्स सर्व्हेच्या अंदाजानुसार २०१७ मध्ये अमेरिकेत सामान्य लोकांकडे ३९ कोटींहून जास्त बंदुका होत्या, म्हणजे माणसांपेक्षा जास्त.

बंदुकीच्या किमतीत पोलाद, मजुरी, जाहिरात आणि नफा धरलेला असतो. ती चुकीच्या हातात गेल्यावर येणारा दवाखान्याचा, पोलिसांचा आणि उघड्यावर पडलेल्या कुटुंबाचा खर्च त्यात धरलेला नसतो. २००५ च्या अमेरिकन कायद्याने तर अशा बहुतेक खटल्यांतून बंदूक कंपन्यांना संरक्षणच दिलंय. बिल येतंच, फक्त ते भरतं दुसरंच कुणीतरी.