दादासाहेब फाळके : दादरच्या घरातील कार्यशाळा

धुंडिराज गोविंद तथा दादासाहेब फाळके (1870–1944) यांना आपण भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून ओळखता. त्यांचे चरित्र अभ्यासताना दादरच्या त्यांच्या राहत्या घराकडे मुद्दाम लक्ष द्यावे. विम्याच्या पॉलिसी तारण ठेवून ते 1912 मध्ये लंडनला गेले आणि विल्यम्सन कॅमेरा व फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र मिळवून आले. मग आवारात काचेची खोली उभी राहिली. फिल्म धुण्यासाठी काळोखी खोली सिद्ध झाली. भांडवल देणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले आणि महिनाभर थोडे थोडे चित्रण करून अंकुराची वाढ मिनिटभराच्या चित्रपटात दाखविली. कर्ज मिळाले.

कच्ची फिल्म तेव्हा बिनछिद्रांची येत असे. अंधारात बसून तिला छिद्रे पाडण्याचे काम सरस्वतीबाई फाळके करीत. शिवाय चित्रपटातील साऱ्या मंडळींचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच होता. या श्रमांना ‘साहाय्य’ म्हणणे मला अपुरे वाटते. घराच्या दोन खोल्यांत चाललेला तो एक कारखानाच होता, आणि त्याचे निम्मे तंत्र त्यांच्या हाती होते. ‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. पुढे फाळक्यांनी हा संसार आणि कार्यशाळा दोन्ही नाशिकला हलविली.