रॉबर्ट एमर्सन

रॉबर्ट एमर्सन (जन्म : न्यू यॉर्क, ४ नोव्हेंबर १९०३, मृत्यू : न्यू यॉर्क, फेब्रुवारी १९५९) हे प्रकाशसंश्लेषणावर संशोधन करणारे अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ होते. क्लोरेला या एकपेशीय हरित शैवालावरील त्यांच्या प्रयोगांतून प्रकाशसंश्लेषणाच्या दोन प्रकाश प्रणालींचा शोध लागला.

हार्वर्ड विद्यापीठातील शिक्षणानंतर ते जर्मनीला गेले. बर्लिन येथे ओटो वारबर्ग यांच्या मार्गदर्शनाखाली १९२७ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. वायूच्या दाबातील बदलावरून शैवालाने सोडलेला ऑक्सिजन मोजण्याची पद्धत त्यांनी तेथेच आत्मसात केली. पुढे याच पद्धतीवरून गुरू-शिष्यांत तीव्र मतभेद झाले.

कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत असताना एमर्सन आणि विल्यम आर्नल्ड यांनी क्लोरेलावर अतिअल्पकाळ टिकणारे प्रखर प्रकाशझोत सोडले. एका झोतात ऑक्सिजनचा एक रेणू तयार होतो, तेव्हा पेशींमध्ये हरितद्रव्याचे सुमारे २,५०० रेणू असतात, असे १९३२ मध्ये त्यांना आढळले. हरितद्रव्याचा प्रत्येक रेणू स्वतंत्रपणे काम करतो, या समजुतीला हा आकडा छेद देणारा होता. शेकडो रेणू प्रकाश गोळा करून एकाच केंद्राकडे ऊर्जा पोहोचवतात, ही कल्पना त्यातूनच पुढे आली.

ऑक्सिजनच्या एका रेणूसाठी केवळ ४ फोटॉन पुरतात, असे वारबर्ग यांचे मत होते. एमर्सन यांनी चार्ल्टन लुईस यांच्यासह हे मापन पुन्हा केले, तेव्हा त्यांचा आकडा ८ ते १२ आला. दिवा लावताच शैवालातून कार्बन डायऑक्साइडचा लोट बाहेर पडतो व दाबमापक त्याला ऑक्सिजन समजतो, ही चूक त्यांनी दाखवून दिली. १९४७ मध्ये एमर्सन इलिनॉय विद्यापीठात गेले. वारबर्ग १९४८-४९ मध्ये तेथे येऊन काही महिने राहिले, परंतु वाद मिटला नाही. नोबेल विजेत्या गुरूचा आकडा नाकारणे सोपे नव्हते, तरीही एमर्सन आपल्या मापनावर ठाम राहिले.

मधल्या युद्धकाळात त्यांनी मँझनार छावणीत डांबलेल्या जपानी वंशाच्या अमेरिकन नागरिकांसोबत ग्वायुली या रबर देणाऱ्या वनस्पतीवर काम केले.

१९४३ मधील एक निरीक्षण त्यांना छळत होते. सुमारे ६८० नॅनोमीटरपेक्षा अधिक तरंगलांबीच्या लाल प्रकाशात हरितद्रव्य प्रकाश शोषत असूनही प्रकाशसंश्लेषण एकदम मंदावत असे. १९५७ मध्ये त्यांनी अशा प्रकाशासोबत कमी तरंगलांबीचा प्रकाश टाकला, तेव्हा दोन्हींचा एकत्रित परिणाम स्वतंत्र परिणामांच्या बेरजेहून अधिक भरला. याला 'एमर्सन परिणाम' म्हणतात.

३ फेब्रुवारी १९५९ च्या मध्यरात्रीच्या सुमारास शिकागोहून येणारे त्यांचे विमान न्यू यॉर्कच्या ईस्ट नदीत कोसळले. त्यावेळी त्यांचे वय ५५ होते. अलाहाबादहून आलेले त्यांचे विद्यार्थी गोविंदजी यांनी उरलेले काम युजीन रॅबिनोविच यांच्या मार्गदर्शनाखाली पूर्ण करून १९६० मध्ये डॉक्टरेट मिळवली.

त्याच वर्षी रॉबर्ट हिल व फे बेंडल यांनी दोन प्रकाश प्रणाली एकामागून एक जोडलेल्या असाव्यात, असा प्रस्ताव मांडला. ऑक्सिजनच्या एका रेणूमागे ४ इलेक्ट्रॉन आणि प्रत्येकासाठी २ फोटॉन, या हिशेबाने किमान गरज ८ ठरते.