रामशास्त्र्यांनी उघडलेले दप्तर

बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यात गोदावरीकाठी वसलेले राक्षसभुवन भाविकांना शनिक्षेत्र म्हणून ठाऊक आहे. इतिहासात त्याची नोंद आहे ती १० ऑगस्ट १७६३ च्या संग्रामामुळे. नदी ओलांडण्याच्या धांदलीत असलेल्या निजामाच्या फौजेवर मराठे तुटून पडले, निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर ठार झाला आणि शत्रूच्या वेढ्यात सापडलेल्या रघुनाथरावांना अवघ्या अठरा वर्षांच्या माधवराव पेशव्यांनी सोडविले. एका पुतण्याने चुलत्यास येथे वाचविले. दहाच वर्षांनी त्याच चुलत्याच्या डोळ्यांदेखत दुसरा पुतण्या, तोही अठरा वर्षांचाच, मारला गेला. त्या खुनाचे दप्तर उघडणारे पुरुष म्हणजे रामशास्त्री प्रभुणे.

शास्त्रीबोवा मूळचे साताऱ्याजवळच्या माहुलीचे. पोरकेपणामुळे त्यांची विद्या मागे राहिली आणि ऐन तारुण्यापर्यंत ते एका सावकाराच्या घरी चाकरीस होते, असे परंपरा सांगते. तेथील अपमान जिव्हारी लागल्याने त्यांनी काशीची वाट धरली व धर्मशास्त्राचे अध्ययन केले. १७५१ मध्ये ते पेशव्यांच्या पदरी आले, १७५९ मध्ये मुख्य न्यायाधीश झाले. माधवरावांसारखा करारी पेशवा राज्यकारभार सोडून जपजाप्यात रमू लागला, तेव्हा त्यालाही कठोर शब्दांत जागे करणारे तेच.

३० ऑगस्ट १७७३ रोजी, भर दिवसा, शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांची हत्या केली. धन्यावर स्वतःचे अंग टाकणारा सेवक चापाजी टिळेकर हाही कापला गेला. रघुनाथरावांना पेशवाईची वस्त्रे मिळाली. थकलेल्या पगारासाठी बिथरलेल्या शिपायांचे हे कृत्य, एवढे कारण दरबारास पुरेसे होते. बहुतेकांनी प्रकरण मिटले असेच धरले.

रामशास्त्र्यांनी ते तसे धरले नाही. फिर्यादी कोणी नाही, साक्षीदार भयभीत, आरोपी स्वतः राज्याचा धनी आणि तपास करणाऱ्याचे वेतन त्याच्याच हातून यावयाचे, अशी ती स्थिती होती. तरीही सुमारे सहा आठवडे त्यांनी पुरावा गोळा केला आणि नव्या पेशव्यासच जाब विचारला. पुतण्यास धरण्याची आज्ञा दिल्याचे रघुनाथरावांनी कबूल केले, मारण्याची मात्र नाकारली. प्रायश्चित्ताचा प्रश्न निघाला तेव्हा शास्त्र्यांनी देहान्ताखेरीज दुसरे प्रायश्चित्त नाही असा निर्वाळा दिला, आणि असल्या धन्याची चाकरी न करण्याचे ठरवून ते वाईजवळच्या खेड्यात निघून गेले.

धरावे या शब्दातील ध चा मा आनंदीबाईंनी केला, ही कथा यापेक्षा कितीतरी अधिक गाजली. ग्रँट डफच्या १८२६ मधील इतिहासातही ती आली आहे. तिचा आधार क्षीण आहे, परंतु सोय मोठी आहे: एका अक्षराचा दोष एका बाईच्या माथी मारला की धरण्याचा हुकूम देणारा पुरुष नुसता दुर्दैवी ठरतो. शास्त्र्यांच्या निर्णयास त्या अक्षराची गरज नव्हती. सशस्त्र गारदी वाड्यात सोडून नंतर परिणामाची जबाबदारी नाकारणे त्यांना मान्य नव्हते.

पुढे बारभाईंनी उचल खाल्ली. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर नारायणरावांच्या पत्नी गंगाबाईंना पुत्र झाला आणि रघुनाथरावांचा हक्कच सरला. ते इंग्रजांच्या आश्रयास गेले. १७७५ च्या सुरतेच्या तहापासून मराठ्यांना सात वर्षांचे युद्ध लढावे लागले. गारद्यांच्या म्होरक्यांपैकी जे हाती लागले त्यांना देहदंड झाला. मुख्य आरोपीस मात्र १७८२ च्या सालबाईच्या तहाने सालिना तीन लाखांची नेमणूक मिळाली व तो १७८३ च्या अखेरीस कोपरगावी, राक्षसभुवनाच्या वरच्या अंगास त्याच गोदावरीच्या काठी, निजधामास गेला.

बारभाईंनी रामशास्त्र्यांना सन्मानाने न्यायासनावर परत आणले होते. तेथे काम करीत असतानाच १७८९ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांनी सांगितलेले प्रायश्चित्त तोवर कोणी घेतले नव्हते, आणि ते घ्यावयाचा मनुष्यही उरला नव्हता.