मेंदूतली लपलेली पेशी दाखवणारे पीओ देल रिओ-ओर्तेगा

आज मेंदूतली मायक्रोग्लिया पेशी शोधायची तर लॅबवाले आयबीए-१ या प्रोटीनला चिकटणारी अँटीबॉडी वापरतात. तिला चमकणारा रंग जोडला की मायक्रोस्कोपखाली नेमकी तीच पेशी उजळते. पण १९१८ मध्ये असलं काही नव्हतं. होता तो चांदीचा क्षार आणि एक हट्टी डॉक्टर.

पीओ यांचा जन्म १८८२ चा, स्पेनमधल्या पोर्तियो गावचा. माद्रिदमध्ये त्यांचे वरिष्ठ होते नोबेल विजेते काहाल. न्यूरॉन आणि ॲस्ट्रोसाइट सोडून उरलेल्या पेशींना काहाल 'तिसरा घटक' म्हणायचे, कारण त्यांच्या रंगात त्या बिनफांद्यांच्या दिसायच्या. पीओ यांनी सिल्व्हर कार्बोनेटची नवी पद्धत काढली आणि फांद्या दिसल्या! म्हणजे पेशीत खोट नव्हती, रंग कमी पडत होता. १९१९ मध्ये त्यांनी दाखवलं की 'तिसऱ्या घटका'त दोन वेगळ्या पेशी आहेत. त्यातली मायक्रोग्लिया जखम झाली की रूप बदलते, कचरा गिळते. दुसरी ऑलिगोडेंड्रोसाइट.

गुरूला मागे टाकणं महागात पडतंच. दोघांचं बिनसलं आणि १९२० मध्ये पीओ यांना लॅब सोडावी लागली. त्यांनी माद्रिदमध्येच दुसरीकडे काम चालू ठेवलं. नोबेलसाठी दोनदा नाव गेलं, मिळालं नाही. १९३६ मध्ये यादवी युद्ध पेटलं. मग पॅरिस, ऑक्सफर्ड, शेवटी ब्युनोस आयरेस. तिथेच १९४५ मध्ये त्यांचं निधन झालं. अस्थी मायदेशी आल्या त्या थेट १९८६ मध्ये.