जॉन ह्यूज (आर्चबिशप)

जॉन जोसेफ ह्यूज (२४ जून १७९७ – ३ जानेवारी १८६४) हे अमेरिकेतील न्यू यॉर्क शहराचे चौथे कॅथलिक बिशप आणि पहिले आर्चबिशप होते. आयर्लंडमधील एका सामान्य शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. खासगी व धार्मिक शाळांना सार्वजनिक पैशातून मदत द्यावी की नाही, या प्रश्नावर १८४० ते १८४२ या काळात न्यू यॉर्कमध्ये मोठा संघर्ष झाला. त्यातील कॅथलिक पक्षाचे नेतृत्व ह्यूज यांनी केले. शालेय निधीचा वाटा कॅथलिक शाळांना मिळावा ही त्यांची मागणी फेटाळली गेली. मात्र या संघर्षातून शहराच्या शाळांचा कारभार एका खासगी संस्थेच्या हातून निघून लोकनियुक्त मंडळांकडे गेला. दुसरीकडे सरकारी मदतीवाचून चालणारी स्वतंत्र कॅथलिक शाळांची व्यवस्थाही उभी राहिली.

प्रारंभिक जीवन

ह्यूज यांचा जन्म उत्तर आयर्लंडमधील टायरोन परगण्यात अ‍ॅनालोघन येथे झाला. त्या काळी आयर्लंडवर ब्रिटिशांचे राज्य होते आणि कॅथलिकांवर अनेक कायदेशीर निर्बंध होते. ह्यूज यांच्या एका बहिणीचे निधन झाले, तेव्हा कॅथलिक धर्मगुरूला दफनभूमीत प्रवेश करून अंत्यविधी करता आला नाही. त्याने प्रवेशद्वाराबाहेरच मूठभर माती मंत्रून दिली आणि ती कबरीवर टाकण्यात आली. या प्रसंगाचा त्यांच्या मनावर खोल परिणाम झाल्याचे त्यांचे चरित्रकार नमूद करतात. राज्यसत्ता एखाद्या धर्ममताच्या बाजूने उभी राहिली म्हणजे दुसऱ्या मताच्या माणसाची काय अवस्था होते, याचा अनुभव त्यांनी लहानपणीच घेतला होता.

१८१७ मध्ये ते वडिलांपाठोपाठ अमेरिकेत आले. सुरुवातीला त्यांनी मिळेल ते अंगमेहनतीचे काम केले. मेरीलँड राज्यातील एमिट्सबर्ग येथील माउंट सेंट मेरीज या विद्यालयात त्यांनी प्रवेश मागितला. पुरेसे पूर्वशिक्षण नसल्याने प्रमुख जॉन द्युबुआ यांनी तो नाकारला, तेव्हा ह्यूज तेथेच माळी म्हणून राहिले. पुढे एलिझाबेथ अ‍ॅन सीटन यांनी त्यांच्यासाठी रदबदली केली आणि १८२० मध्ये त्यांना प्रवेश मिळाला. १५ ऑक्टोबर १८२६ रोजी फिलाडेल्फिया येथे त्यांना धर्मगुरूपदाची दीक्षा देण्यात आली. प्रोटेस्टंट धर्मोपदेशकांशी झालेल्या जाहीर वादविवादांमुळे त्यांचे नाव फिलाडेल्फियाबाहेरही पोहोचले. जानेवारी १८३८ मध्ये न्यू यॉर्कचे सहायक बिशप म्हणून त्यांचा अभिषेक झाला. तेव्हा न्यू यॉर्कचे बिशप होते तेच जॉन द्युबुआ. द्युबुआ यांच्या निधनानंतर १८४२ मध्ये ह्यूज बिशप झाले.

न्यू यॉर्कमधील शाळांची स्थिती

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी न्यू यॉर्क शहरात सरकारी शाळा नव्हत्या. गरीब मुलांसाठी निरनिराळे पंथ धर्मादाय शाळा चालवीत आणि राज्याच्या शालेय निधीतून त्यांना मदत मिळे. कोणत्याही पंथाच्या शाळेत जात नसलेल्या मुलांसाठी १८०५ मध्ये फ्री स्कूल सोसायटी स्थापन झाली. १८२० नंतरच्या दशकात बेथेल बॅप्टिस्ट चर्चच्या शाळांनी निधीतील शिल्लक इमारतींसाठी वापरण्याची मुभा मिळवली आणि त्यावरून मोठा वाद झाला. या वादानंतर निधीवाटपाचा अधिकार नगरपरिषदेकडे आला. १८२५ मध्ये तिने पंथीय शाळांची मदत बंद केली. १८२६ मध्ये सोसायटीने पब्लिक स्कूल सोसायटी हे नाव घेतले. शहरातील शालेय निधीचा बहुतांश भाग आता याच संस्थेला मिळू लागला.

नावात पब्लिक हा शब्द असला तरी ही संस्था खासगी होती. तिचे विश्वस्त मतदारांनी निवडलेले नव्हते आणि त्यांत प्रोटेस्टंटांचे प्राबल्य होते. आपले शिक्षण कोणत्याही पंथाचे नाही, असा संस्थेचा दावा होता. प्रत्यक्षात शाळांतून प्रोटेस्टंट परंपरेतील किंग जेम्स बायबलचे भाष्याविना वाचन होई. काही पाठ्यपुस्तकांत कॅथलिक चर्च आणि पोप यांची निंदा करणारे उतारे होते. प्रोटेस्टंट पालकांना ही व्यवस्था सर्व ख्रिस्ती लोकांना समान वाटे, तर कॅथलिक पालकांना ती आपल्या मुलांच्या धर्मश्रद्धेवरील आघात वाटे. आयर्लंडहून आलेल्या गरीब कुटुंबांतील अनेक मुले त्यामुळे कोणत्याच शाळेत जात नव्हती. कॅथलिक चर्चच्या मोफत शाळा होत्या, परंतु त्यांतील काही चर्चच्या तळघरांत भरत आणि त्यांच्याजवळ पैसा अपुरा होता.

निधीच्या वाट्याची मागणी

जानेवारी १८४० मध्ये राज्याचे गव्हर्नर विल्यम सेवर्ड यांनी विधिमंडळाला दिलेल्या संदेशात एक सूचना केली. स्थलांतरितांच्या मुलांसाठी त्यांचीच भाषा बोलणारे आणि त्यांच्याच धर्माचे शिक्षक असलेल्या शाळा असाव्यात, असा तिचा आशय होता. या सूचनेने उत्साहित होऊन कॅथलिकांनी नगरपरिषदेकडे निधीचा वाटा मागितला. ह्यूज त्या वेळी युरोपात होते. जुलैमध्ये परतल्यावर त्यांनी चळवळीची सूत्रे हाती घेतली आणि सप्टेंबरमध्ये नवा अर्ज सादर झाला.

२९ आणि ३० ऑक्टोबर १८४० रोजी नगरपरिषदेसमोर या अर्जावर सुनावणी झाली. अर्जदारांच्या वतीने ह्यूज एकटेच बोलले. त्यांच्या युक्तिवादाचे तीन मुद्दे होते. पहिला, कॅथलिक नागरिक इतरांप्रमाणेच कर भरतात, परंतु सद्सद्विवेकाच्या कारणाने त्यांची मुले या शाळांचा लाभ घेऊ शकत नाहीत. दुसरा, सोसायटीची तटस्थता आभासी आहे. सर्व पंथांना मान्य असा धर्म शिकवण्याच्या प्रयत्नातून एक तर प्रोटेस्टंट धर्म शिकवला जातो, नाही तर धर्मच उरत नाही. तिसरा, कॅथलिक शाळा सार्वजनिक तपासणीस तयार आहेत आणि मिळणारा पैसा केवळ लौकिक विषयांच्या शिक्षणावर खर्च होईल.

सोसायटीची बाजू थिओडोर सेज्विक आणि हायरम केचम या वकिलांनी मांडली. मेथडिस्ट, प्रेस्बिटेरियन आदी पंथांचे धर्मोपदेशकही विरोधात बोलले. सर्वांच्या करातून जमलेला पैसा एका पंथाच्या शाळेला देणे म्हणजे इतरांना त्या पंथाचा खर्च उचलायला लावणे होय, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. एकाला वाटा दिला तर सर्वांना द्यावा लागेल, सामाईक शाळा मोडीत निघतील आणि शहरातील मुले पंथापंथांत विभागली जातील, असेही त्यांचे म्हणणे होते. हे भय निराधार नव्हते. कॅथलिकांना वाटा मिळाल्यास आम्हालाही मिळावा, असा अर्ज एका स्कॉटिश प्रेस्बिटेरियन चर्चने व ज्यू समाजानेही केला होता. आक्षेपार्ह मजकूर पुस्तकांतून काढून टाकण्याची तयारी सोसायटीने दाखवली आणि काही उताऱ्यांवर शाई फासण्यातही आली. परंतु त्याने मूळ प्रश्न सुटत नसल्याचे ह्यूज यांचे मत कायम राहिले. जानेवारी १८४१ मध्ये नगरपरिषदेने १५ विरुद्ध १ मताने अर्ज फेटाळला.

कॅरोल हॉल आणि मॅक्ले कायदा

यानंतर लढा राज्य विधिमंडळात गेला. राज्याचे सचिव व शाळांचे अधीक्षक जॉन स्पेन्सर यांनी १८४१ मध्ये अहवाल सादर केला. सोसायटीची मक्तेदारी संपवून शहराच्या प्रत्येक वॉर्डात मतदारांनी शाळांचे आयुक्त निवडावेत, अशी शिफारस त्यात होती. सिनेटने मात्र निर्णय पुढच्या वर्षावर ढकलला.

दोन्ही पक्ष कॅथलिकांना गृहीत धरत आहेत असे पाहून ह्यूज यांनी धाडसी पाऊल उचलले. २९ ऑक्टोबर १८४१ रोजी, निवडणुकीस अवघे काही दिवस उरले असताना, कॅरोल हॉल येथील सभेत त्यांनी विधिमंडळासाठी उमेदवारांची स्वतंत्र यादी मंजूर करून घेतली. त्यातील बहुतेक डेमोक्रॅटिक पक्षाचेच होते आणि काही जागी स्वतंत्र उमेदवार होते. या यादीला सुमारे २,२०० मते पडली. तिचे स्वतंत्र उमेदवार निवडून आले नाहीत, परंतु कॅथलिक मतांवाचून शहरात डेमोक्रॅटिक पक्षाचा जय होत नाही, हे उघड झाले. धर्माधिकाऱ्याने निवडणुकीत उतरणे विरोधकांना मात्र घातक वाटले. कॅथलिकांच्या हेतूंविषयी ते जे सांगत होते, त्याला आता पुरावा मिळाल्याचा प्रचार त्यांनी केला.

विल्यम मॅक्ले यांनी मांडलेले विधेयक एप्रिल १८४२ मध्ये सिनेटने १३ विरुद्ध १२ अशा निसटत्या बहुमताने संमत केले. सेवर्ड यांच्या स्वाक्षरीने त्याचे कायद्यात रूपांतर झाले. त्यानुसार शहरात लोकनियुक्त शिक्षण मंडळ आले. त्याचबरोबर पंथीय शिकवण देणाऱ्या कोणत्याही शाळेला सार्वजनिक पैसा मिळणार नाही, अशी तरतूद त्यात घालण्यात आली. ह्यूज यांनी विरोधी संस्थेची सत्ता मोडली, पण ज्यासाठी लढा सुरू केला तो निधी कायद्यानेच त्यांना नाकारला. त्यानंतर लगेच झालेल्या शहर निवडणुकीच्या दिवशी दंगल उसळली आणि बिशपच्या निवासस्थानाच्या खिडक्या फोडण्यात आल्या. पब्लिक स्कूल सोसायटी १८५३ मध्ये विसर्जित झाली आणि तिच्या शाळा शिक्षण मंडळाकडे गेल्या.

स्वतंत्र शाळांची उभारणी

सार्वजनिक पैसा मिळणार नाही हे निश्चित झाल्यावर ह्यूज यांनी स्वतःची शाळाव्यवस्था उभारण्यावर भर दिला. आधी शाळा बांधावी आणि मग चर्च, असे धोरण त्यांनी धर्मप्रांतापुढे ठेवले. १८४१ मध्ये त्यांनी फोर्डम येथे सेंट जॉन्स कॉलेज सुरू केले होते. १८४६ मध्ये ते जेझुइट संघाकडे सोपवण्यात आले आणि आज ते फोर्डम विद्यापीठ म्हणून ओळखले जाते. आयर्लंडमधील दुष्काळामुळे १८४५ नंतर स्थलांतरितांची संख्या झपाट्याने वाढली. ज्यांच्या मुलांसाठी या शाळा होत्या ते पालक मुख्यतः मजूर व घरकामगार होते. सामाईक शाळांसाठी कर भरून शिवाय चर्चच्या शाळांसाठी वर्गणी देण्याचा दुहेरी भार त्यांच्यावर पडला. अत्यल्प मोबदल्यावर शिकवणाऱ्या धर्मभगिनी आणि धर्मबंधू यांच्या श्रमावर ही व्यवस्था टिकली.

उत्तरायुष्य

१८४४ मध्ये फिलाडेल्फियात स्थलांतरितविरोधी दंगलीत कॅथलिक चर्च जाळली गेली. तेव्हा ह्यूज यांनी न्यू यॉर्कमधील चर्चच्या रक्षणासाठी सशस्त्र पहारे बसवले आणि शहरात तसा हिंसाचार झाला नाही. १८५० मध्ये ते आर्चबिशप झाले. १८५८ मध्ये त्यांनी फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरील सेंट पॅट्रिक कॅथेड्रलची कोनशिला बसवली. यादवी युद्धात त्यांनी संघराज्याची बाजू घेतली आणि १८६१ मध्ये लिंकन यांच्या सरकारच्या वतीने ते युरोपात गेले. मात्र गुलामगिरी तत्काळ नष्ट करण्याच्या चळवळीला त्यांचा विरोध होता. त्यावरून त्यांच्यावर तेव्हाही आणि नंतरही टीका झाली. ३ जानेवारी १८६४ रोजी न्यू यॉर्क येथे त्यांचे निधन झाले. १८८३ मध्ये त्यांचे अवशेष नव्या कॅथेड्रलमध्ये हलवण्यात आले.

मूल्यमापन आणि वारसा

ह्यूज यांचा स्वभाव एकाधिकारी होता. चर्चच्या मालमत्तेवरील सामान्य विश्वस्तांची सत्ता त्यांनी मोडून काढली. सहीआधी ते काढत असलेल्या क्रुसावरून विरोधकांनी त्यांना डॅगर जॉन, म्हणजे खंजीरवाला जॉन, असे नाव दिले. सामाईक शाळेतील तथाकथित तटस्थता ही बहुसंख्याकांची सवय असू शकते, हे त्यांनी दाखवून दिले. अभ्यासकांच्या मते हे त्यांचे महत्त्वाचे योगदान होय. दुसरीकडे, सार्वजनिक पैसा पंथांत वाटल्यास शाळांचे एकत्व टिकेल कसे, या विरोधकांच्या प्रश्नाला त्यांच्याकडे पूर्ण उत्तर नव्हते.

१८८४ मध्ये बाल्टिमोर येथील धर्मपरिषदेने प्रत्येक चर्चजवळ शाळा काढण्याचा आदेश दिला आणि ह्यूज यांचे धोरण देशभर लागू झाले. पंथीय शाळांना सार्वजनिक मदत देण्यास मनाई करणारी ब्लेन यांची प्रस्तावित घटनादुरुस्ती १८७६ मध्ये सिनेटमध्ये फेटाळली गेली. तरी अनेक राज्यांनी आपल्या संविधानांत तशी तरतूद केली, आणि न्यू यॉर्कने ती १८९४ मध्ये केली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४७ मध्ये धार्मिक शाळांतील मुलांच्या बसभाड्याची भरपाई वैध ठरवली. १९७१ मध्ये त्याने अशा शाळांतील शिक्षकांच्या वेतनासाठीचे साहाय्य अवैध ठरवले. २००२ मध्ये मात्र पालकांमार्फत शाळेला मिळणारे शिक्षणसाहाय्य न्यायालयाने मान्य केले. राज्य खासगी शाळांना मदत देत असेल, तर केवळ धार्मिक असल्यामुळे एखादी शाळा वगळता येणार नाही, असा निर्णय २०२२ मध्ये मेन राज्यासंबंधीच्या खटल्यात झाला.