फोटोखाली नाव कुणाचं?

पंडित नेहरू कबुतर सोडताहेत, तो काळापांढरा फोटो तुमच्यापैकी बहुतेकींनी पाहिलेला असेल. तो एका बाईनं काढलाय, हे मात्र फार जणींना माहीत नसतं. होमाई व्यारावाला त्यांचं नाव. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून त्यांची ओळख आहे. पण मैत्रिणींनो, मला आज दिल्लीतल्या मोठ्या माणसांचे त्यांचे फोटो बाजूला ठेवून, त्याआधी त्यांनी मुंबईत काढलेल्या फोटोंबद्दल सांगायचंय. तिथं कुणी मोठं माणूस नाही. शहर आहे आणि त्यात वावरणाऱ्या साध्यासुध्या बाया आहेत.

होमाईंचा जन्म ९ डिसेंबर १९१३ चा, गुजरातमधल्या नवसारीचा. घर पारशी, पण पैसेवाल्या पारशांपैकी नव्हे. वडील नाटक कंपनीत, म्हणजे आज या गावी तर उद्या त्या गावी. पुढे कुटुंब मुंबईत आलं आणि होमाई ग्रँट रोडच्या शाळेत जाऊ लागल्या. मॅट्रिकच्या वर्गात ३६ विद्यार्थी आणि त्यात मुलगी ही एकटीच. नंतर सेंट झेवियर्स कॉलेज झालं, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकलेचं शिक्षणही झालं. त्या काळात मुलीला इतकं शिकवायचं म्हणजे घरच्यांचीही कमालच म्हणायची.

तेराव्या वर्षी त्यांची माणेकशा व्यारावालांशी ओळख झाली. माणेकशा टाइम्स ऑफ इंडियात हिशेबाचं काम बघायचे आणि फोटोग्राफीचा त्यांना भारी नाद. पुढे दोघांचं लग्न झालं. कॅमेरा धरायला होमाईंना त्यांनीच शिकवलं. चित्र कसं मांडायचं, उजेड कुठून घ्यायचा, कागदावर मोकळी जागा किती सोडायची, हे मात्र जे. जे.मधून हातात आलेलं होतं. म्हणून मला त्यांचे सुरुवातीचे फोटो बातमीचे वाटतच नाहीत. चित्रकारानं ब्रशऐवजी कॅमेरा घेतलाय असं वाटतं.

त्यांचा आवडता कॅमेरा रोलीफ्लेक्स. पोटाशी धरायचा आणि मान खाली घालून वरच्या काचेत बघायचं. समोरच्याच्या डोळ्यांवर कॅमेरा रोखला जात नाही, त्यामुळे माणूस अवघडत नाही. रिळात फोटो निघायचे फक्त बारा. मोबाइलवर एका वाढदिवसाला शंभर फोटो काढणाऱ्या आपल्या पोरांना हे सांगितलं तर हसतील! बाराच फोटो हातात असले की बटण दाबण्याआधी माणूस नीट बघतो.

१९३८ मध्ये मुंबईतल्या एका महिला क्लबची सहल निघाली. होमाईंनी तिचे फोटो काढले, ते बॉम्बे क्रॉनिकलमध्ये छापून आले आणि एका फोटोचा एक रुपया मिळाला. विषय बघा, बायकांची सहल! आमच्या महिला मंडळाच्या सहलीत फोटोवाला सगळ्यांना रांगेत उभं करतो, पदर सारखे करायला लावतो आणि सगळ्या जणी पोलिसात तक्रार द्यायला आल्यासारख्या दिसतात. घराबाहेर पडलेली, चार घटका मोकळी झालेली बाई कशी दिसते, ते अशा फोटोत कधी येतच नाही. होमाईंची नजर नेमकी त्या मोकळेपणावर होती.

जे. जे.मधल्या त्यांच्या वर्गमैत्रिणींचे फोटो बघावेत. रेहाना मोगल नावाची मैत्रीण त्यात बरेचदा दिसते. कामात गुंगलेल्या या शहरी तरुण मुली कुणाची सून किंवा कुणाची मुलगी म्हणून उभ्या नाहीत. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा मुंबईत बायकांना आग विझवण्याचं शिक्षण दिलं जात होतं, तेही होमाईंनी टिपलं. व्हिक्टोरिया टर्मिनस म्हणजे आजचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, त्याचाही त्यांनी काढलेला चाळीसच्या दशकातला फोटो आहे. या स्टेशनासमोरून लाखो माणसं धावत गेली असतील. गाडी पकडायच्या घाईत त्याच्याकडे मान वर करून कोण बघतं? होमाईंनी बघितलं.

आता आपल्या यवतमाळचंच घ्या. दत्त चौकातली दिवे लागतानाची वेळ, दिवाळीनंतर कापसानं भरून आलेल्या गाड्या, पावसाळ्यात डबक्यात उलटी दिसणारी लाल एसटी. रोज डोळ्यांसमोरून जातं आणि आपण भाजीचा भाव काढत पुढे होतो. मूर्तिजापूरला जाणारी शकुंतला आता बंद पडली. तिच्या डब्यात डबे, गाठोडी नि लेकरं घेऊन बसलेल्या बायांचे फोटो किती घरांत असतील? लग्नाचे अल्बम मात्र कपाटभर आहेत.

मला खटकते ती गोष्ट पुढची. होमाईंचे मुंबईचे फोटो इलस्ट्रेटेड वीकलीसारख्या नावाजलेल्या साप्ताहिकात छापून येऊ लागले, पण त्याखाली नाव असायचं नवऱ्याचं. होमाईंना तेव्हा कुणी ओळखत नव्हतं आणि त्यातून त्या बाई. माणेकशांच्या नावावर फोटो सहज खपायचे. माणेकशा वाईट नव्हते बरं का! ते स्वतः डार्करूममध्ये बसून बायकोचे फोटो धुऊन द्यायचे, तिला पुढे ढकलायचे. असा नवरा आजही शोधावा लागेल. तरीसुद्धा नजर तिची, पायपीट तिची आणि नाव त्याचं. बचत गटाच्या कामात मी हेच बघते. पापड लाटणार ती आणि पिशवीवर नाव नवऱ्याच्या दुकानाचं. फरक एवढाच, की होमाईंचं नाव पुढे वर आलं.

१९४२ मध्ये दोघं दिल्लीला गेले, ब्रिटिश सरकारच्या माहिती खात्यात नोकरीला. साडी नेसून, सायकलवर कॅमेऱ्याचं अवजड सामान लादून होमाई दिल्लीभर फिरायच्या. सोबतचे सगळे फोटोग्राफर पुरुष, ते त्यांना मम्मी म्हणायचे. फाळणीचा निर्णय झाला ती काँग्रेसची बैठक, ऑगस्ट १९४७ चा लाल किल्ला, माउंटबॅटन दांपत्याचा निरोप, गांधीजींची अंत्ययात्रा, १९५६ मध्ये डोंगरवाटेनं भारतात येणारे दलाई लामा, हे सारं त्यांच्या कॅमेऱ्यात आहे. ३० जानेवारी १९४८ ला त्या गांधीजींच्या प्रार्थनासभेला निघाल्या होत्या. उद्या दोघं मिळून जाऊ म्हणून माणेकशांनी त्यांना परत बोलावलं. त्या दिवशी तिथं नसल्याची हळहळ त्यांना आयुष्यभर राहिली.

तेरा आकड्यावर त्यांचा लोभ होता. जन्म १९१३ चा, नवऱ्याची ओळख तेराव्या वर्षी, पहिल्या गाडीच्या नंबरात डीएलडी १३. म्हणून त्यांनी स्वतःला टोपणनाव घेतलं डालडा १३! आपल्याकडे तेरा आकडा आला की बाया आधी लिंबू-मिरची बघतात.

१९६९ मध्ये माणेकशा गेले आणि १९७० मध्ये होमाईंनी काम सोडलं. नव्या फोटोग्राफरांची धक्काबुक्की, बेशिस्त त्यांना सहन होईना. मानानं करता येत नसेल तर नकोच, हा त्यांचा बाणा. मुलासोबत आधी पिलानी, मग १९८२ पासून बडोदा. १९८९ मध्ये मुलगाही गेला. त्यानंतरची वीसेक वर्षं त्या बडोद्याला एकट्या राहिल्या. गाडी स्वतः चालवायच्या, घरातली सुतारकामं, नळदुरुस्ती स्वतःच्या हातानं करायच्या. शेजारच्या कित्येकांना ही म्हातारी कोण, याचा पत्ताही नसेल.

सबीना गडिहोक यांनी त्यांना गाठून, बोलतं करून २००६ मध्ये मोठं पुस्तक काढलं, आणि मुंबईचे ते जुने फोटो पुन्हा लोकांसमोर आले. २०१० मध्ये होमाईंनी आपला सगळा संग्रह दिल्लीच्या अल्काझी फाउंडेशनकडे सोपवला. २०११ मध्ये पद्मविभूषण मिळालं. १५ जानेवारी २०१२ रोजी, वयाच्या ९८ व्या वर्षी, त्या बडोद्यात वारल्या. महिला क्लबच्या सहलीचे आणि जे. जे.मधल्या मैत्रिणींचे ते फोटो आता छापून येतात, तेव्हा खाली होमाई व्यारावाला असंच लिहिलेलं असतं.