गोपाळ गणेश आगरकर

हिरण्यकेशीच्या काठचा आपला गडहिंग्लजचा मुलूख १९४९ सालापर्यंत कोल्हापूर संस्थानात मोडत असे. त्या संस्थानच्या गादीवर १८७१ साली चौथे शिवाजी महाराज दत्तक आले. पुढे हे तरुण महाराज वेडसर ठरविले गेले आणि त्यांस गोऱ्या रखवालदारांच्या हाती देण्यात आले. त्यांचा छळ होतो, आणि त्यात दिवाण माधवराव बर्वे यांचे अंग आहे, अशी बोलवा सर्वत्र पसरली. पुण्यात नुकत्याच निघालेल्या ‘केसरी’ व ‘मराठा’ या पत्रांनी हे प्रकरण हाती घेतले. ‘केसरी’चे संपादक तेव्हा अवघे पंचविशीचे होते. त्यांचेच नाव गोपाळ गणेश आगरकर.

आगरकरांचा जन्म ता. १४ जुलै १८५६ रोजी कऱ्हाडजवळच्या टेंभू या गावी झाला. आज टेंभू म्हटले की शेतकऱ्यांस उपसा सिंचन योजना आठवते. त्या काळी ते कृष्णाकाठचे एक लहानसे खेडे होते. घरची स्थिती इतकी हलाखीची की शिक्षणासाठी त्यांस कऱ्हाड, रत्नागिरी, अकोला अशी वणवण करावी लागली. मध्यंतरी त्यांनी कचेरीत उमेदवारी केली आणि दवाखान्यात औषधे तयार करून देण्याचेही काम केले. अकोल्यास विष्णु मोरेश्वर महाजनी यांसारखा गुरू लाभला. तेथून ते पुण्यास डेक्कन कॉलेजात गेले. तेथे त्यांच्यापाशी एकच सदरा होता. तो रात्री धुवावा आणि सकाळी पुन्हा अंगात घालावा, अशी त्यांची रीत होती, असे सांगतात. एम. ए. होणाऱ्या मनुष्यास त्या दिवसांत सरकारी नोकरीचा दरवाजा सताड उघडा असे. घरच्यांनी तीच आशा धरली होती. परंतु आगरकरांनी आईस पत्र लिहून आधीच कळविले की, आपण मोठ्या पगाराच्या मागे लागणार नाही, पोटापुरते मिळवून बाकीचा वेळ लोकांच्या कामी घालविणार. ते पत्र वाचून त्या माउलीस काय वाटले असेल! ज्या घरात दोन वेळची भ्रांत, तेथे असा निश्चय पाळणे सोपे नव्हते; पण त्यांनी तो पाळला. न्यू इंग्लिश स्कूल आणि पुढे १८८५ साली निघालेले फर्ग्युसन कॉलेज यांतच त्यांनी आपले आयुष्य वेचले.

आता कोल्हापूरच्या प्रकरणाकडे वळू. ज्या पत्रांच्या आधारावर दिवाणांवर आरोप छापले होते, ती पत्रे बनावट निघाली. माफी मागूनही १८८२ सालच्या जुलै महिन्यात आगरकर व बाळ गंगाधर टिळक या दोघांस चार महिन्यांची साधी कैद झाली. मुंबईच्या डोंगरी तुरुंगात ते १०१ दिवस राहिले. तेथे रात्र रात्र दोघांचा वाद चाले : आधी समाज सुधारावा की आधी राज्य मिळवावे. त्याच सुमारास शेक्सपियरच्या ‘हॅम्लेट’ नाटकाचे ‘विकारविलसित’ हे मराठी रूपांतर आगरकरांच्या हातून तयार झाले. बिचारे महाराज मात्र सुटले नाहीत. १८८३ सालच्या डिसेंबरात अहमदनगरच्या किल्ल्यात एका गोऱ्या रखवालदाराशी झालेल्या झटापटीत त्यांचा अंत झाला. अन्यायाविषयीची चीड खरी होती, पण हाती आलेला कागद खोटा होता. पारखून घेतल्यावाचून काहीही मानू नये, हे आगरकरांनी पुढे जन्मभर इतरांस सांगितले. त्याची किंमत त्यांनी स्वतः आधीच मोजली होती, असे मला वाटते.

मिल्ल व स्पेन्सर या इंग्रज तत्त्ववेत्त्यांचे ग्रंथ वाचून त्यांच्या मनाने एक गोष्ट पक्की धरली. ती ही की, कोणताही आचार, तो कितीही जुना असो, बुद्धीच्या कसोटीस लावावा. तिला उतरेल तो ठेवावा, न उतरेल तो टाकावा. ईश्वराच्या अस्तित्वाविषयीही त्यांनी हीच कसोटी लावली आणि ते अज्ञेयवादी राहिले. आमच्या मंडळ्यांतील कित्येकांस हे रुचणार नाही. मलाही त्यांच्या या निर्णयापाशी थांबावे लागते. तरी मनुष्याचा प्रामाणिकपणा लपत नाही.

त्यांचा रोष केवळ जुन्या रूढींवर होता असे नव्हे. आपल्या काळातील नव्या राहणीवरही ते तितकेच असंतुष्ट होते. कोट, घड्याळ आणि नोकरी एवढे नव्या विद्येकडून घ्यावे, आणि घरी येताच आठ वर्षांच्या मुलीचे लग्न ठरवावे, विधवा बहिणीचे केशवपन करवावे, हा सुशिक्षितांचा दुटप्पीपणा त्यांस असह्य होई. आगगाडीत बसणाऱ्याचे मन बैलगाडीतच राहिले, हे त्यांचे दुःख होते. (नव्या ट्रॅक्टरला लिंबू-मिरची बांधून मुहूर्ताची वाट पाहणारे आजही आपल्या बाजारात दिसतात.) याचा अर्थ साहेबाचे सारेच उचलावे असा मात्र नव्हे, आपले मूळचे रूप न सोडता पश्चिमेकडील चांगले तेवढे घ्यावे, असे त्यांचे मत होते. मुलामुलींस एकच शिक्षण द्यावे व तेही एकत्र द्यावे, असे त्यांनी त्या काळी लिहिले.

अशा लेखकास ‘केसरी’त जागा पुरेना. टिळकांशी मतभेद वाढले, १८८७ साली त्यांनी संपादकत्व सोडले आणि १८८८ च्या ऑक्टोबरात ‘सुधारक’ पत्र सुरू केले. इंग्रजी बाजू काही काळ गोपाळ कृष्ण गोखले यांनी सांभाळली. १८९१ साली संमतिवयाच्या कायद्यास, म्हणजे मुलींच्या वयाची मर्यादा दहावरून बारा करण्यास, आगरकरांनी पाठिंबा दिला, तेव्हा पुणे शहर त्यांच्यावर उलटले. प्रतिपक्षाने त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली.  मात्र घरात त्यांनी कोणावर सक्ती केली नाही. पत्नी यशोदाबाई यांच्या व्रतवैकल्यांच्या आड ते आले नाहीत. जगाचे वार झेलणारा हा तार्किक घरात इतका सौम्य होता, हे मला त्यांच्या निबंधांहून मोठे वाटते.

१८९२ साली ते फर्ग्युसन कॉलेजचे मुख्याध्यापक झाले. दम्याने शरीर पोखरले होते; तरी शिकविणे व लिहिणे थांबले नाही. ता. १७ जून १८९५ रोजी, वयाची एकोणचाळीस वर्षेही पुरी होण्याआधी, त्यांचे देहावसान झाले. उशीखाली एक पुरचुंडी सापडली, असे सांगतात. आपल्या अंत्यविधीच्या खर्चाचा भार कोणावर पडू नये म्हणून त्यांनी तीत पैसे बांधून ठेवले होते. ‘केसरी’त मृत्युलेख लिहावयास टिळक बसले, तेव्हा डोळ्यांतील पाण्यामुळे त्यांस लेखणी पुनःपुन्हा खाली ठेवावी लागली.